वास्तवाचे प्रेक्षक : ‘स्पॉटलाइट’च्या निमित्ताने

वास्तव घटनेवर आधारलेला चित्रपट संपला, की प्रेक्षकांमध्ये पहिला प्रश्न बहुधा एकच उमटतो : ‘हे खरेच असे घडले होते का?’ कल्पित कथेच्या संदर्भात हा प्रश्न कोणी विचारला, तर तो आस्वादाच्या अपरिपक्वतेचा द्योतक मानला जातो. कलाकृतीचे सत्य हे घटनेच्या सत्याहून वेगळे असते, हा धडा साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच दिला जातो आणि त्यानंतर हा प्रश्न विचारण्याची त्याला लाज वाटू लागते. परंतु ज्या चित्रपटाच्या आरंभीच तो सत्य घटनांवर आधारित असल्याचे सांगितलेले असते, त्याच्या प्रेक्षकाने हा प्रश्न विचारावयाचा नाही, तर कोणता विचारावयाचा? आणि तो विचारला असता, प्रेक्षक ‘खरे’ या शब्दाने नेमके काय सूचित करीत असतो? समीक्षेने या प्रेक्षकमताकडे कलाबाह्य म्हणून पाठ फिरविली, तर या चित्रप्रकाराचा मर्मभागच तिच्या हातून निसटण्याचा संभव आहे.

एका विद्यापीठाच्या मराठी विभागात साहित्य आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधांवरील ऐच्छिक अभ्यासपत्रिकेसाठी टॉम मॅकार्थी यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्पॉटलाइट’ (२०१५) हा चित्रपट एम. ए.च्या विद्यार्थ्यांना दाखविण्यात आला. खिडक्यांना वर्तमानपत्रे चिकटवून अंधार केलेल्या वर्गात, भिंतीवर पडदा लावून झालेला हा प्रयोग होता. चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपले मत एका पानात लिहून द्यावे, त्यास अंतर्गत मूल्यमापनाचे दहा गुण असतील, असे प्राध्यापिकेने आधीच सांगून ठेवले होते. चर्चेनंतर मते एकमेकांसारखी होऊ लागतात, हा त्यामागील अनुभव होता.

चित्रपटाचा विषय आता सर्वपरिचित आहे. अमेरिकेतील ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकात २००१च्या उन्हाळ्यात मार्टी बॅरन हे नवे संपादक आले. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांचे आरोप असलेल्या जॉन गेगन या धर्मगुरूच्या प्रकरणाचा, विशेषतः न्यायालयात मोहोरबंद असलेल्या कागदपत्रांचा, पाठपुरावा करण्यास त्यांनी सुचविले. वॉल्टर रॉबिन्सन यांच्या नेतृत्वाखालील ‘स्पॉटलाइट’ या शोधपथकाने ते काम हाती घेतले आणि ६ जानेवारी २००२ रोजी पहिला वृत्तान्त प्रसिद्ध झाला. गेगन याच्याविरुद्ध एकशेतीसहून अधिक जणांनी तक्रारी केल्या होत्या, आणि तरीही त्याची एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात बदली होत राहिली, हे त्यातून उघड झाले. वर्षभरात या विषयावर सुमारे सहाशे वृत्तान्त छापले गेले. डिसेंबर २००२ मध्ये कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना बोस्टनच्या धर्मप्रांताचे प्रमुखपद सोडावे लागले. २००३ साली ‘ग्लोब’ला लोकसेवेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. चित्रपटास २०१६ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट मूळ पटकथा अशी दोन ऑस्कर पारितोषिके प्राप्त झाली.

विद्यार्थ्यांनी लिहिलेली मते स्थूलमानाने चार प्रकारांत विभागता येत होती. पहिल्या प्रकारच्या मतांत तक्रारीचा सूर होता : चित्रपट संथ आहे, माहितीपटासारखा आहे; माणसे दारे ठोठावतात, दूरध्वनी करतात, जुन्या निर्देशिका चाळतात, याहून अधिक काही घडत नाही. दुसऱ्या प्रकारात याच गोष्टीची प्रशंसा होती. ‘काहीही रंगवून सांगितलेले नाही, म्हणून खरे वाटते,’ असे एका विद्यार्थिनीने लिहिले होते. तिसरा प्रकार पत्रकारितेच्या गौरवाचा होता. निर्भीड वृत्तपत्र सत्ताधीशांना नमवू शकते, या दिलाशाचा. चौथ्या प्रकारातील मते संख्येने थोडी, परंतु अस्वस्थ करणारी होती. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांना चित्रपटात साक्ष देण्यापुरतेच स्थान आहे, त्यांची कथा ही पत्रकारांच्या कथेची कच्ची सामग्री ठरली आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

ही मते परस्परविरोधी दिसली, तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे आणि ती आपल्या काव्यशास्त्राला अपरिचित नाही. ‘अभिनवभारती’त अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी पहिले विघ्न संभावनेच्या अभावाचे : जे घडू शकेल असे वाटतच नाही, त्यात प्रेक्षकाचे चित्त विश्रांत होत नाही. असामान्य कृत्यांच्या बाबतीत हे विघ्न दूर करण्याचा उपाय म्हणजे रामादिकांसारख्या प्रख्यात नायकांची योजना. ज्यांची कीर्ती रूढ आहे त्यांच्याविषयी अविश्वास निर्माण होत नाही. जे घडून गेले ते शक्य आहे हे उघडच असते, म्हणून शोकात्मिकाकार खरी नावे वापरतात, असे ॲरिस्टॉटलनेही ‘पोएटिक्स’मध्ये म्हटले आहे. ‘सत्य घटनांवर आधारित’ ही आरंभीची पाटी आधुनिक काळात हेच प्रख्यातत्वाचे कार्य करते. एका शहरात शेकडो मुलांवर अत्याचार होतात, शेजारी, वकील, पोलीस, न्यायाधीश यांच्यापैकी अनेकांना त्याचा सुगावा असतो आणि दशकानुदशके कोणी बोलत नाही, ही कथा एखाद्या कादंबरीकाराने कल्पिली असती, तर समीक्षकांनी तिच्यावर अतिशयोक्तीचा ठपका ठेवला असता.

मात्र जो उपाय पहिले विघ्न दूर करतो, तोच दुसरे विघ्न ओढवून घेतो. हे दुसरे विघ्न स्वगत-परगतत्वाचे, देशकालविशेषाच्या आवेशाचे आहे. समोरचे दुःख माझे आहे किंवा अमक्याचे आहे, ते अमुक गावी अमुक साली घडले, अशी जाणीव बळावली की साधारणीकरण खुंटते. नाट्यगृहातील नेपथ्य, वेष, पूर्वरंग हे सारे अभिनवगुप्ताच्या मते ही विशिष्टता विरघळविण्यासाठी आहे. वास्तवाधारित चित्रपट ती विरघळू देत नाही. चित्रपटाच्या अखेरीस काही अक्षरे पडद्यावर येतात : बोस्टनच्या धर्मप्रांतातील २४९ धर्मगुरू व ब्रदर यांच्यावर जाहीर आरोप झाले, कार्डिनल लॉ यांची नेमणूक रोममधील सांता मारिया माज्जोरे या मानाच्या बॅसिलिकात झाली, आणि त्यापाठोपाठ जगभरातील ज्या ज्या ठिकाणी अशी प्रकरणे उघडकीस आली त्यांची नावे, रकान्यांमागून रकाने. येथे रसाची निष्पत्ती होत नाही. जी होऊ पाहत होती तिचा भंग होतो, आणि तो हेतुपुरस्सर केलेला आहे. हे सारे ‘मानवी दुःख’ या सर्वसामान्य नावाखाली जमा करून प्रेक्षकाने समाधानाने घरी जाणे, हा ज्यांनी ते सोसले त्यांच्यावरील आणखी एक अन्याय ठरेल. वास्तवाधारित चित्रपटाच्या प्रेक्षकाकडे अशा प्रकारे दोन परस्परविरुद्ध कृतींची एकाच वेळी मागणी केली जाते : त्याने साधारणीकरण करावे, आणि ते पूर्ण होऊ देऊ नये. ‘खरे वाटते’ असे म्हणणारा प्रेक्षक पहिल्या कृतीविषयी बोलत असतो. ‘खरेच घडले का’ असे विचारणारा दुसऱ्या.

या चित्रप्रकाराला आणखी एक वर्ग लाभतो, जो कल्पित कथेला लाभत नाही : पडद्यावर स्वतःला पाहणारे प्रेक्षक. त्यांची मते या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. अत्याचार सोसलेल्यांची बाजू वर्षानुवर्षे मांडणारे फिल सॅव्हियानो चित्रपटात एक पात्र म्हणून येतात. त्यांनी चित्रपटाचे स्वागत केले. व्हॅटिकनच्या नभोवाणीने त्याची प्रशंसा केली आणि ऑस्करनंतर ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या व्हॅटिकनच्या दैनिकाने हा चित्रपट कॅथलिकविरोधी नसल्याचे लिहिले. याउलट, एका प्रसंगात आपल्या तोंडी घातलेले संवाद आपण कधी उच्चारलेलेच नाहीत, त्यांमुळे आपण प्रकरण दडपू पाहणाऱ्यांपैकी एक ठरतो, असा आक्षेप बोस्टनमधील एका शिक्षणसंस्थेच्या प्रवक्त्याने घेतला. २०१६ मध्ये वितरण कंपनीने ते संवाद नाट्यपरिणामासाठी रचलेले असल्याचे मान्य केले. कल्पिताला ज्या संभाव्यतेचा आधार पुरतो, तो खऱ्या नावाच्या माणसाच्या बाबतीत पुरत नाही. ‘असा माणूस असे बोलू शकेल’ हे कलेचे समर्थन झाले. परंतु ‘हा माणूस असे बोलला’ हे विधान आहे, आणि विधानाला पुरावा लागतो. ज्या चित्रपटाचा विषयच पुराव्याची शिस्त हा आहे, त्याच्याकडून ही चूक व्हावी, यात एक कडवट उपरोध आहे.

परंतु या वर्गातील सर्वांत महत्त्वाचे प्रेक्षक खुद्द रॉबिन्सन होत. पटकथेसाठी संशोधन करताना मॅकार्थी आणि सहलेखक जॉश सिंगर यांना ‘ग्लोब’च्याच जुन्या अंकांत डिसेंबर १९९३मधील एक बातमी आढळली. सुमारे वीस धर्मगुरूंवरील आरोपांचा तीत उल्लेख होता. ती आतल्या पानावर छापली गेली आणि तिचा पाठपुरावा झाला नाही. त्या वेळी शहरवार्ता विभागाची सूत्रे रॉबिन्सन यांच्याकडे होती. त्यांना ती बातमी आठवतही नव्हती. परंतु ती दाखविली गेली तेव्हा त्यांनी जबाबदारी नाकारली नाही. शोधपत्रकारांवरील चित्रपटासाठी लेखकांनी शोधपत्रकारांचाच शोध घेतला आणि जे सापडले ते चित्रपटाच्या कळसाच्या जागी ठेवले. पहिला वृत्तान्त छापण्यापूर्वीच्या बैठकीत पडद्यावरील रॉबिन्सन कबूल करतो, की हे सारे आपल्या हाती आले होते आणि आपण त्याचे काही केले नाही. पत्रकारितेचे गौरवगान म्हणून चित्रपटाकडे पाहणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या मतांत या प्रसंगाचा उल्लेखही नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

येथे मराठी वाचकाला एका जवळच्या उदाहरणाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. एप्रिल १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातील शिवपुरीजवळच्या एका गावातील कमला नावाची स्त्री २३०० रुपयांना विकत घेऊन देशातील स्त्रियांच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार उघडकीस आणला. विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे नाटक त्याच वर्षीचे, या घटनेने सुचलेले. जगमोहन मुंदडा यांनी त्यावर हिंदी चित्रपटही काढला. तेंडुलकरांनी रक्कम बदलली, गाव बदलले, वार्ताहराला जयसिंग जाधव हे नाव दिले. आणि मुख्य म्हणजे त्यांनी प्रकाशझोताची दिशाच बदलली. विकत घेतलेली कमला जयसिंगच्या पत्नीला, सरिताला, विचारते की तुला साहेबांनी केवढ्याला विकत घेतले. आणि बातमीचा विषय बातमीदाराच्या घरात येऊन बसतो. वृत्तपत्र कंपनी आणि वार्ताहर यांनी या कृतीला न्यायालयात आव्हान दिले. प्रत्यक्ष घडलेल्या घटनांवर कोणाचाही स्वामित्वहक्क असू शकत नाही, या तत्त्वाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला.

कायद्याच्या दृष्टीने निवाडा योग्यच होता. पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न कायद्याच्या पलीकडचा आहे. घटना बातमीदाराच्या मालकीची नाही, नाटककाराच्याही नाही. मग ती कोणाची? कमलाची, असे उत्तर सहज सुचते. परंतु वार्ताहर, नाटककार, दिग्दर्शक, वृत्तपत्र यांच्यातील या वादात कमला पक्षकार नव्हती. नाटकातील पत्रकार परिषदेत तिला जमलेल्या पत्रकारांसमोर उभे केले जाते, ते तिला निर्लज्ज प्रश्न विचारतात आणि हसतात. हा प्रसंग तेंडुलकर रंगमंचावर दाखवीत नाहीत, तो घरी परतलेल्यांच्या बोलण्यातून कळतो. प्रेक्षकाला त्या परिषदेतील एक प्रेक्षक होऊ न देण्याचा हा मार्ग होता. ‘स्पॉटलाइट’मध्येही अत्याचार कोठेही दृश्यरूपाने येत नाही, येते ते केवळ कथन, मध्येच अडखळणारे, कॉफीच्या कपाकडे पाहत केलेले. चौथ्या प्रकारच्या मतांनी घेतलेला आक्षेप या संदर्भात पुन्हा तपासावयास हवा. पीडितांना साक्षीपुरतेच स्थान आहे, हे खरे. परंतु अधिक स्थान देणे म्हणजे अधिक दाखविणे असे होणार असेल, तर तो संयम उणिवेत जमा करता येणार नाही. आक्षेपाचा जो भाग तरीही शिल्लक राहतो तो असा, की संयमसुद्धा सांगणाऱ्याचाच असतो. तो पाळावा की मोडावा, हे ज्याचे दुःख आहे त्याला कोणी विचारलेले नसते.

मते गोळा झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा झाली, तेव्हा वाद नेमका रॉबिन्सनच्या कबुलीजबाबावर अडला. एका विद्यार्थिनीच्या मते तो प्रसंग चित्रपटकारांनी नाट्यमयतेसाठी जोडलेला असावा. १९९३च्या बातमीची हकीकत प्राध्यापिकेने सांगितल्यावर ती म्हणाली, “मग तो दोषीच आहे. आठ वर्षं अजून किती मुलांना भोगावं लागलं!” यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने तीव्र हरकत घेतली. तो जिल्हा दैनिकासाठी तालुक्याच्या गावाहून बातम्या पाठविणारा अर्धवेळ वार्ताहर होता. त्याच्या लेखी मतातही रॉबिन्सनचा बचाव होता : शहरवार्तेच्या मेजावर रोज शंभर कागद येतात, प्रत्येकाच्या मागे जाणे शक्य नसते, एका बातमीवर महिनोन्‌महिने चार माणसे गुंतविणारे मालक आपल्याकडे कोठे आहेत, इत्यादी. हे सारे मुद्दे ग्राह्य होते. सहा गुण मिळावेत असा, नीटनेटका, काहीसा ठरीव कागद होता तो.

वाद वाढत गेला. ती विद्यार्थिनी म्हणाली, “तू त्याची वकिली का करतोयस?” तो काही वेळ बोलला नाही. नंतर प्राध्यापिकेकडे वळून म्हणाला, “मॅडम, माझ्याकडे आला होता असा कागद.” एका आश्रमशाळेतील मुलीच्या वडिलांनी त्याला वहीच्या पानावर लिहिलेली तक्रार आणून दिली होती. त्याने दोन ओळींची बातमी करून पाठविली. ती छापून आली नाही. त्याने पुन्हा विचारले नाही. वडीलही पुन्हा आले नाहीत. दोन वर्षे झाली होती. चित्रपट पाहताना त्या प्रसंगापर्यंत आपल्याला ते आठवलेही नव्हते, असे तो म्हणाला.

अभिनवगुप्ताच्या यादीतील तिसरे विघ्न ‘निजसुखादिविवशीभाव’ हे आहे : स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासलेला प्रेक्षक दुसऱ्या कशात चित्त विश्रांत करू शकत नाही. त्या विद्यार्थ्याचे लेखी मत या विघ्नाने झाकोळलेले होते, असे शास्त्राच्या भाषेत म्हणता येईल. त्याने रॉबिन्सनची बाजू घेतली, कारण ती बाजू त्याची स्वतःची होती. हे त्याला लिहिताना उमगले नव्हते. परंतु रसाच्या दृष्टीने जे विघ्न, ते या चित्रपटाच्या दृष्टीने विघ्न राहते का, हा खरा प्रश्न आहे. संपूर्ण वर्गात चित्रपट जेथे पोहोचावा अशी त्याच्या रचनेची अपेक्षा दिसते, तेथे तो याच एका प्रेक्षकापर्यंत पोहोचला, आणि तो आस्वादाच्या वाटेने गेला नाही. आस्वाद मोडून गेला. बोस्टनचे विशिष्ट सत्य तालुक्याच्या गावातील विशिष्ट सत्यापर्यंत पोहोचले, ते मानवी दुर्बलता या सामान्य तत्त्वाचा पूल ओलांडून नव्हे. एका कागदाने दुसऱ्या कागदाची आठवण करून दिली, एवढेच घडले.

याचा अर्थ प्रत्येक प्रेक्षकाच्या खासगी स्मरणाला समीक्षेचे मूल्य प्राप्त होते असा नाही. तसे मानले, तर मत आणि कबुली यांतील भेदच पुसला जाईल आणि ज्याच्यापाशी सांगण्यासारखा अपराध नाही त्याला आस्वादाचा अधिकार उरणार नाही. मुद्दा याहून मर्यादित आहे. वास्तवाधारित चित्रपटाविषयीच्या मतांचे मूल्यमापन करताना ते मत किती नेमके, किती साधार, किती रचनाभान असलेले, एवढेच पाहून भागत नाही. ते मत कोणत्या ठिकाणाहून दिले गेले, हेही पाहावे लागते. कल्पिताचा प्रेक्षक ठिकाण सोडून येऊ शकतो, त्याने तसे यावे अशी अपेक्षाही असते. वास्तवाचा प्रेक्षक मात्र ते सोबत घेऊनच येतो.

तास संपत आला तेव्हा त्या विद्यार्थ्याने आपला कागद परत मागितला. त्यात भर घालावयाची आहे, असे तो म्हणाला. प्राध्यापिकेने तो दिला. पहिल्या दिवशी ‘हे खरेच घडले होते का’ असे विचारणाऱ्या वर्गाने तोपर्यंत दुसराच प्रश्न विचारावयास सुरुवात केली होती : ती मुलगी अजून त्या शाळेत आहे का? याचे उत्तर वर्गात कोणापाशीच नव्हते. वडिलांचे नाव आणि गाव त्याच्या जुन्या वहीत असावे, असे तो म्हणाला. आणि वही घरी होती.